आतडे अडते तेव्हा

पोटाचे ऑपरेशन झालेल्या माणसाला डॉक्टर रोज एकच गोष्ट विचारतात, वायू सरला का? भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोर हा प्रश्न आला की रुग्ण संकोचतो, सून खिडकीबाहेर बघू लागते, आणि नर्स मात्र उत्तर मिळाल्याशिवाय खाटेपासून हलत नाही. बंद पडलेली आतड्याची चाल पुन्हा सुरू झाली की नाही, हे कळण्याचा त्याहून सोपा मार्ग नाही. ज्यांचे पोट दोनदा, तीनदा, चारदा उघडले गेले आहे त्यांची मात्र घरी आल्यावरही या प्रश्नातून सुटका होत नाही. वर्ष जाते, पाच वर्षे जातात, आणि एखाद्या रात्री पोटात कळ उठते, पोट फुगते, उलटी होते, वायू सरायचा थांबतो. आतडे अडलेले असते.

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत अशी माणसे शोधायला लांब जावे लागत नाही. तरुणपणी अपेंडिक्स, मग दोन सिझेरियन, पुढे पिशवी काढली, त्यानंतर टाक्यांच्या जागी हर्निया झाला म्हणून पुन्हा ऑपरेशन, असा इतिहास सांगणारी बाई कोणत्याही वाड्यावर भेटेल. तिला कोणीतरी सांगितलेले असते की तुमची आतडी चिकटली आहेत. ती का चिकटली याचे उत्तर तिने स्वतःच ठरवलेले असते. डॉक्टरने हात नीट चालवला नाही, लवकर कळशी उचलली, पथ्य मोडले. घरच्यांनी तर पथ्य मोडल्याचा दोष कधीच तिच्या पदरात टाकलेला असतो. शरीराचे काम कसे चालते ते पाहिले तर तिची या दोषातून मुक्तता होते.

पोटाची पोकळी आतून आणि आतडी बाहेरून एका अतिशय पातळ अस्तराने मढवलेली असतात. त्याला उदरावरण म्हणतात. वरचा थर पेशींच्या एकाच रांगेचा असतो आणि त्यावर किंचित ओलावा असतो, म्हणून आतडी एकमेकांवरून सहज घसरतात. हा थर कुठेही खरचटला, सुकला, भाजला, त्यावर रक्त सांडले किंवा पू आला, की शरीर तिथे फायब्रिन नावाचे चिकट प्रथिन ओतते. रक्त गोठताना जे जाळे तयार होते तेच हे. ते शेजारच्या भागाला चिकटते. सगळे सुरळीत असेल तर शरीरच काही दिवसांत हे जाळे विरघळवून टाकते आणि आठवडाभरात अस्तर नवे होते. पण जखमेला रक्त कमी पोचत असेल किंवा जंतुसंसर्ग असेल तर विरघळवण्याचे काम मागे पडते. मग त्या जाळ्यात पेशी शिरतात, कोलॅजनचे तंतू विणले जातात, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूही वाढतात, आणि तात्पुरता चिकटा कायमचा पट्टा होतो. म्हणजे ज्या प्रक्रियेने बाहेरची जखम भरते तीच आत आतडी चिकटवते. जखम भरू नये अशी इच्छा कोणी करत नाही, आणि म्हणूनच यावर हमखास औषध आजवर निघालेले नाही.

ब्रिटनमध्ये मेन्झीस आणि एलिस या दोन शल्यविशारदांनी १९९० मध्ये एक साधी पाहणी प्रसिद्ध केली. आधी एकदा तरी पोटाचे ऑपरेशन झालेल्या २१० रुग्णांची पोटे पुन्हा उघडावी लागली, तेव्हा त्यांच्यापैकी ९३ टक्के लोकांत असे पट्टे, म्हणजे चिकटण, सापडली. पहिल्यांदाच पोट उघडलेल्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. आपले पोट उघडले गेले असेल तर आत चिकटण आहे असे धरून चालावे, यात घाबरण्यासारखे काही नाही. बहुतेक पट्टे जन्मभर गप्प बसतात. स्कॉटलंडमध्ये १९८६ साली पोटाची मोठी ऑपरेशने झालेल्या जवळपास तीस हजार लोकांचा पुढे दहा वर्षे माग काढला गेला. त्यांच्यापैकी साधारण एकतृतीयांश लोक त्या काळात चिकटणीशी संबंध असू शकेल अशा कारणाने किंवा पोटाच्या पुढच्या ऑपरेशनसाठी पुन्हा इस्पितळात आले, पण पुन्हा भरती होण्याच्या सगळ्या घटनांपैकी थेट चिकटणीमुळे झालेल्या फक्त ५.७ टक्के होत्या. धोका आहे, वर्षानुवर्षे टिकणारा आहे, पण रोज उशाशी घेऊन झोपावे इतका तो मोठा नाही.

पट्टा त्रास देतो तो आतड्याची वाट बदलून. कुळागरात शिंपणासाठी टाकलेला पाइप मध्येच दुमडला की पुढे थेंबही जात नाही, आणि नळाकडचा भाग टरटरून फुगतो. आतडे एखाद्या पट्ट्यापाशी मुरडले की तेच होते. फुगणे वाटते त्याहून वेगाने होते, कारण आतड्यात फक्त आपण प्यालेले पाणी नसते. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्वतःचे स्राव मिळून दिवसाला सातआठ लिटर द्रव या नळीत उतरतो आणि एरवी पुढे शोषला जातो. वाट बंद झाली की तो शोषला जात नाही, आतड्यात साचतो किंवा उलटीवाटे बाहेर पडतो. माणसाच्या पोटात पाणी भरलेले असते आणि शरीर मात्र कोरडे पडत जाते. जीभ सुकते, लघवी कमी होते, रक्तातले पोटॅशियम घसरते, आणि पोटॅशियम घसरले की आतड्याचे स्नायू आणखी सुस्तावतात.

इथवरचा प्रकार गंभीर असला तरी सावरता येतो. खरे भय वेगळे आहे. आतड्याचे वेटोळे पट्ट्याखाली अडकून पिळले गेले, तर त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही आवळल्या जातात. मग काही तासांत आतड्याचा तो भाग काळा पडू लागतो. अशा वेळी कळ बदलते. आधी ती येते, जाते, पुन्हा येते. रक्तपुरवठा तुटू लागला की ती जात नाही, एका जागी ठाण मांडते, पोटाला हात लावू देत नाही, सोबत ताप येतो, नाडी धावू लागते. या फरकाकडे घरच्यांनीही लक्ष द्यावे.

आतडे अडणे आपल्या वैद्यकाला नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात बद्धगुदोदर नावाचा विकार आहे. त्यात नाभीखाली, मधल्या रोमराजीच्या डावीकडे चार अंगुळे सोडून छेद घ्यावा, चार अंगुळे आतडे बाहेर काढून तपासावे, अडथळा आणणारा खडा, केस वा मळ काढावा, आतड्याला मध आणि तूप लावून ते जागी ठेवावे आणि पोट शिवावे, असे वर्णन आहे. आतडे फाटलेले असेल तर त्याच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चाववून जोडाव्यात, असेही पुढे येते. भूल नसलेल्या काळात यातून किती जण वाचले असतील हे सोडा. आतडे अडल्यावर औषधाच्या मात्रा नव्हे तर शस्त्र लागू शकते, हे त्या लेखकाने ओळखले होते, आणि मला ते तुपामधापेक्षा मोठे वाटते.

हे सांगण्याला स्थानिक कारण आहे. पेडणे तालुक्यात धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले, आणि आयुर्वेदावर इथल्या लोकांची श्रद्धा त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. श्रद्धेला हरकत नाही. हरकत आहे ती पोट फुगले की एरंडेल पाजण्याला. वाट बंद असताना रेचक दिले तर आतडे त्या अडथळ्यावर आणखी जोराने आदळते, कळा वाढतात आणि आतडे फुटण्याचा धोका वाढतो. वायू सरत नाही, उलट्या होत आहेत आणि पोटावर जुना व्रण आहे, अशा माणसाला एरंडेल नाही, त्रिफळा नाही, औषधाच्या दुकानातून आणलेले जुलाबाचे औषधही नाही. हे सांगायला कोणत्याही शास्त्राचा अपमान करावा लागत नाही.

आता इस्पितळात काय होते ते पाहू. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडचे गोमेकॉ, १८४२ साली पणजीत स्थापन झालेल्या पोर्तुगीजकालीन वैद्यकीय शाळेचा वारसा सांगते. उत्तर गोव्यातले आणि सिंधुदुर्गातले अवघड पोट शेवटी तिथेच पोचते. तिथे गेल्यावर नातेवाइकांची पहिली अपेक्षा असते की लगेच ऑपरेशन होईल. प्रत्यक्षात तोंडाने काही द्यायचे नाही असा हुकूम निघतो, हाताला सलाइन लागते, नाकातून जठरात रायल्स ट्यूब जाते, लघवी मोजण्यासाठी नळी बसते, एक्सरे किंवा सीटी स्कॅन होतो, आणि मग डॉक्टर थांबतात. नातेवाईक अस्वस्थ होतात. कोणी काही करतच नाही, अशी कुजबुज व्हरांड्यात सुरू होते.

ते थांबणे हाच उपचार आहे. नाकातली नळी वरचा साचलेला द्रव आणि हवा ओढून घेते, फुगलेले आतडे सैल पडते, आणि पुष्कळदा मुरड आपोआप सुटते. अमेरिकेतल्या मिनेसोटाचे शल्यविशारद ओवेन वँगनस्टीन यांनी १९३०च्या दशकात ही खेचण्याची पद्धत रूढ केली आणि त्यामुळे अडलेल्या आतड्याने मरणाऱ्यांची संख्या खूप घटली. त्याआधी अडलेल्या आतड्यावर सूर्य मावळू देऊ नये, असा शल्यविशारदांचा दंडक होता. चिकटणीमुळे अडलेली बहुतेक आतडी चाकू न लावता सुटतात हे आता माहीत झाले आहे. पिळाची चिन्हे नसतील तर साधारण तीन दिवसांपर्यंत डोळ्यांत तेल घालून वाट पाहता येते. या काळात पुष्कळ ठिकाणी नळीतून पाण्यात विरघळणारे एक्सरेचे औषध देतात. चोवीस तासांत ते मोठ्या आतड्यात उतरलेले दिसले तर वाट मोकळी होणार असे बऱ्याच खात्रीने सांगता येते. उतरले नाही तर ऑपरेशनची तयारी करावी लागते.

मग सरळ कापूनच का टाकत नाहीत हे पट्टे? कारण कापणे ही नवी जखम आहे, आणि नवी जखम म्हणजे पुन्हा फायब्रिन, पुन्हा चिकटा. नेदरलँड्समध्ये पोट पुन्हा उघडाव्या लागलेल्या २७० रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी १९ टक्के जणांच्या आतड्याला चिकटण सोडवताना नकळत छेद गेला, आणि आधी तीन किंवा अधिक वेळा पोट उघडलेल्यांत हा धोका दहापट होता. नॉर्वेतल्या बर्गन शहरात अडलेल्या आतड्यासाठी ऑपरेशन झालेल्या ५०० जणांची नोंद आहे. एकदाच ऑपरेशन झालेल्यांपैकी १८ टक्क्यांचे आतडे दहा वर्षांत पुन्हा अडले, तीस वर्षांत २९ टक्क्यांचे. चारदा किंवा त्याहून अधिक वेळा भरती झालेल्यांत हा आकडा ८१ टक्क्यांवर गेला. शल्यविशारद चौथ्यांदा पोट उघडायला कचरतो तो आळसाने नव्हे.

या हतबलतेतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक अफलातून कल्पना पुढे आली होती. आतडी चिकटणारच असतील तर ती आपल्याला हवी तशी चिकटू द्यावीत. थॉमस नोबल या अमेरिकन शल्यविशारदाने १९३७ मध्ये आतड्याची वेटोळी एकावर एक नीट घडी घालून एकमेकांना शिवून टाकायला सुरुवात केली, म्हणजे ती शिस्तीत जुळतील आणि मुरड पडणार नाही. पुढे चाइल्ड्स आणि फिलिप्स यांनी वेटोळ्यांच्या मधल्या पडद्यातून टाके घालण्याचा प्रकार काढला, आणखी कोणी आतड्यात लांब नळी घालून ठेवली. यांतले काहीच टिकले नाही. शिवण्यात तासन्तास जात, आतडे गळे, पोट दुखे. तरी त्या माणसांचे कौतुक वाटते, कारण शरीराशी भांडण्याऐवजी तडजोड करावी हे त्यांना सुचले.

आज भर आहे तो चिकटण होऊ न देण्यावर. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनात पोटाच्या भिंतीवर जखम लहान राहते, आतडी हवेत सुकत नाहीत, म्हणून चिकटणही कमी होते. काही ठिकाणी शेवटी विरघळणारा पातळ पडदा किंवा विशिष्ट द्रव पोटात ठेवतात. त्याने चिकटणीचे प्रमाण घटते, ती नाहीशी होत नाही. हातमोज्यांची गोष्ट तर बोलकी आहे. रबरी मोजे सहज चढावेत म्हणून त्यांना आधी टाल्क आणि नंतर मक्याच्या पिठाची पूड लावत. ती पूड पोटात सांडून गाठी आणि चिकटण करते हे कळायला आणि कळूनही वळायला कित्येक दशके गेली. अमेरिकेने पूड लावलेल्या वैद्यकीय मोज्यांवर बंदी घातली ती जानेवारी २०१७ मध्ये.

सतत दुखणाऱ्या पोटाचा प्रश्न याहून अवघड आहे. आतडे अडत नाही, पण दुखणे जात नाही, आणि रुग्ण म्हणतो, ते चिकटलेले एकदाचे सोडवून टाका. नेदरलँड्समध्ये अशा शंभर जणांवर एक काटेकोर प्रयोग झाला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना दुर्बीण घातली, पण निम्म्यांचीच चिकटण सोडवली. आपली सोडवली की नाही हे रुग्णांना सांगितले नव्हते. वर्षभरात दोन्ही गटांना बरे वाटले, आणि सारखेच बरे वाटले. फक्त दुखण्यासाठी चिकटण सोडवायला पैसे भरण्याआधी हा निकाल लक्षात घ्यावा आणि दुसऱ्या एका शल्यविशारदाचे मत घ्यावे. वेदनाशामक गोळ्यांबाबतही सावध राहावे. ट्रामाडॉलसारखी औषधे आतड्याची चाल मंदावतात आणि ज्याच्यासाठी घेतली तोच त्रास वाढवतात.

आता जेवणाचे. कोणत्याही पथ्याने चिकटण विरघळत नाही. पण वाट अरुंद असेल तर त्यातून काय पाठवायचे हे आपल्या हाती आहे, आणि गोव्याच्या ताटात अडकण्यासारखे पुष्कळ असते. फणसाचे गरे तंतूंसकट गिळणे, काजूच्या बोंडाचा चोथा, पावसाळ्यातली किल्ल (बांबूचे कोंब), न चावलेली अळमी (रानअळंबी), सुक्या खोबऱ्याचे तुकडे, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, आंबाड्याची तंतुमय कोय. चवथीचे खतखते तर यातल्या बऱ्याच गोष्टी एकाच टोपात आणते. उपास करून रिकाम्या पोटी एकदम पंगतीला बसणे, तेही कवळी सैल झालेली असताना, हा आतड्याची परीक्षा घेण्याचा प्रकार आहे. ज्यांचे आतडे एकदा अडले आहे त्यांनी थोडे थोडे आणि सावकाश खावे, चावून चोथा थुंकून टाकावा. उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, काटा काढलेले मासे, अंडे, दही, सोलकढी यांवर इथली माणसे आजारपणात पिढ्यान्पिढ्या उभी राहिली आहेत. त्रास नसलेल्या दिवसांत भाजीपाला पूर्णपणे सोडू नये, तो शिजवून मऊ करावा. आणि पाणी प्यावे, विशेषतः एप्रिल-मेच्या घामाच्या दिवसांत.

पोट किंचित धरल्यासारखे वाटते, मळमळते, पण वायू सरतो आहे, अशा वेळी घन पदार्थ थांबवून घोटघोट पाणी घेत काही तास बघावे, असे अनेक डॉक्टर आपल्या जुन्या रुग्णांना शिकवून ठेवतात. तुमच्या डॉक्टरांनी तशी मुभा दिली आहे का, ते बरे असतानाच विचारून घ्या. उलटी सुरू झाली, ती हिरवी झाली, पोट फुगत चालले, कळ थांबेना, ताप आला, किंवा जुन्या टाक्यांच्या जागी दुखरी, आत न जाणारी गाठ आली, तर बघत बसू नये. एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवावी. आतडे अडल्यावरही अडथळ्याच्या खालचा मळ एकदोनदा पडू शकतो. संडास झाली म्हणजे वाट मोकळी आहे असे नव्हे.

पेडण्याहून बांबोळीची वाट धारगळ, कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी आणि मांडवीचा पूल अशी आहे. डिचोलीहून एक वाट म्हापशावरून जाते, दुसरी आमोण्याचा पूल ओलांडून माशेल, बाणस्तारी, जुने गोवे अशी. केरी किंवा मोरजीच्या टोकाला राहणाऱ्याने, किंवा साखळीच्या पलीकडच्या गावातल्याने, रात्री अकरा वाजता स्वतःची गाडी काढण्यापेक्षा १०८ला फोन करावा. वाटेत सलाइन सुरू होऊ शकते. तालुक्याचे सामाजिक आरोग्य केंद्र किंवा म्हापशाचे जिल्हा इस्पितळ, जुन्या लोकांचे आझिलो, रुग्णाला तपासून पुढे पाठवू शकते, आणि कधी पुढे पाठवायची गरजही पडत नाही. खाजगी इस्पितळात जायचे असेल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड चालू आहे ना, हे आधीच पाहावे. २०१६ पासूनच्या या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे कवच आहे, पण नूतनीकरण राहिले असेल तर कार्ड नुसते कागद असते.

आणि कार्डापेक्षाही महत्त्वाची ती फाइल. रात्री ड्युटीवर असलेल्या तरुण डॉक्टरला तुमच्या पोटावरचा व्रण दिसतो, आत काय केले ते दिसत नाही. आतड्याचा किती भाग काढला, कुठे जोडला, जाळी बसवली का, मागच्या वेळी चिकटण कुठे होती, हे सगळे ऑपरेशनच्या नोंदीत असते आणि डिस्चार्ज कार्डावर बहुधा नसते. ती नोंद मागून घ्या, मोबाइलवर फोटो काढून ठेवा, घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलवर पाठवा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. मात्र त्याच नियमांनुसार डॉक्टरांवर नोंदी जपून ठेवण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचे आहे. शेवटचे ऑपरेशन होऊन दोन वर्षे झाली असतील तर अर्ज या आठवड्यात करा.